आधी तुकड्या मोडा!

महाराष्ट्र पहिला आला आहे! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 आपल्या राज्यातले. इतकी मुले दुसऱ्या कोणत्याही राज्याने गमावली नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीही हा मान आपणच पटकावला होता. दहावीच्या निकालात कोकण पुढे की लातूर यावर दिवसभर वाद घालणाऱ्या या राज्यात ही यादी कोणी मोठ्याने वाचत नाही. पुतळ्यांवरून आणि भाषणांवरून ज्या विधिमंडळाचे कामकाज बंद पडते, तिथे या 1,764 घरांसाठी कोणी सभात्याग केला काय?

यावर ठरलेले उत्तर तयार असते. हल्लीची मुले नाजूक झाली, मोबाइलने बिघडली, आमच्या वेळी मास्तर छड्या मारायचे तरी आम्ही घडलो! जे घडले तेच हे सांगायला उरले. ज्यांनी सातवीत दप्तर टाकले ते सांगायला आले नाहीत. आत्महत्येला एकच कारण नसते हे आम्हीही जाणतो. घर, पैसा, आजार, प्रेमभंग, सगळे त्यात असते. पण मुलाचे रोजचे सहा तास ज्या शाळेच्या ताब्यात असतात, तिला या आरोपपत्रातून वगळायचे कारण नाही.

घटक चाचणीचे पेपर कसे वाटतात ते आठवा. गठ्ठा गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेला असतो. पहिल्या पाचांना टाळ्या. मग आवाज उतरत जातो आणि शेवटचा पेपर दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला जातो. आकडा वाचला जातो, पाठोपाठ नाव. वर्ग हसतो, कारण हसायची मुभा आहे हे त्याला ठाऊक असते. वर्ष संपते आणि ते मूल ‘ड’ तुकडीत जाते. ‘अ’ला गणिताचे नामांकित सर, ‘ड’ला ज्यांचा तास रिकामा असेल ते. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन ‘अ’चे, मंडपातल्या खुर्च्या उचलणे ‘ड’चे. आपली पायरी कोणती, हे त्या मुलाला कोणी तोंडाने सांगावे लागत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेला जशी बंदी घालते, तशीच मानसिक छळालाही. 2009 पासून हा अर्धा भाग कायद्यात आहे आणि शाळांनी तो वाचलेलाच नाही. छडी गेली, अपमान राहिला. त्याचा वळ दिसत नसल्याने पंचनामाही होत नाही.

ज्या भूमीत राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठोठावला, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली, त्याच भूमीत शंभर वर्षांनी आपण गुणांच्या नावाने पुन्हा वेगळे बाक मांडले आहेत. आणि ‘ड’ तुकडीचा हजेरीपट एकदा उघडून पाहा. घरात शिकलेले कोणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, घरची भाषा पुस्तकातली नाही, अशीच नावे तिथे का सापडतात? गुणवत्तेचा चेहरा लावून जुनीच उतरंड वर्गात शिरली आहे. ही आमची अतिशयोक्ती वाटत असेल, तर मुख्याध्यापकांनी आपापल्या शाळेचे पट जाहीर करावेत.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूप्रकरणी निकाल देताना, देशभरातल्या शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्गांसाठी पंधरा सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांची लाज काढणे टाळावे. याला एक पैसा लागत नाही. निविदा लागत नाही, पदमान्यता लागत नाही. उद्या सकाळी प्रार्थनेआधी करता येईल असे हे काम आहे, आणि नेमके तेच होत नाही. कारण ‘अ’ तुकडी हीच शाळेची जाहिरात असते. चौकातल्या फलकावर तिचेच फोटो झळकतात.

सरकारचा खाक्या तर ठरलेलाच. दुर्घटना घडली की शासन निर्णय काढायचा, शासन निर्णयातून समिती काढायची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा आदेश मार्च 2022 मधला. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाले, लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे या समित्या कागदावर तरी आहेत का याची शोधाशोध सुरू झाली. तक्रारपेटीचेही तेच. ती बसवतात मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, शिपायाच्या नजरेखाली. कुलूप गंजलेले, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. आत चिठ्ठी टाकायला जाणारे मूल कोण, हे शाळेला चिठ्ठी वाचण्याआधी कळते!

आता शिक्षकांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक करा, असा शहाणपणा कानावर येतो. मतदार याद्या, पोषण आहाराचा तांदूळ, आधारची जुळणी आणि रोजची ऑनलाइन माहिती यांत शिक्षक आधीच पिचला आहे. मूल गप्प झाले, डबा खाईनासे झाले, हे तो सर्वांआधी ओळखू शकतो आणि त्याने ते ओळखायलाच हवे. पण जो गुण देतो, त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करील? समुपदेशक वेगळाच हवा. पगारी, कायम, आणि मुलाने सांगितलेले शिक्षकांच्या खोलीत चघळायला न नेणारा.

आणि सर्वांना सामावून घेण्याच्या गप्पा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. आपल्याकडे मात्र ‘स’ आणि ‘र’ची गल्लत करणारे मूल आठ वर्षे ‘आळशी’ म्हणून मार खाते आणि दहावी जवळ आली की पालक प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. सवलत दहावीला, निदान तिसरीत व्हायला हवे होते. अशाच मुलाची गोष्ट सांगणारा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट पाहून 2007 मध्ये ज्या आईबापांनी रुमाल भिजवले, त्यांनीच दुसऱ्या दिवशी पोराची दुसरी शिकवणी लावली, असा आमचा दाट संशय आहे.

बीडच्या ऊसतोड कामगारांची मुले कोयत्यामागे कारखान्याच्या फडावर जातात आणि सहामाहीचा अभ्यास बुडवून परततात. पट मात्र भरलेला दिसतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या वंचितांसाठीच्या 25 टक्के जागांतून खासगी शाळांना पळवाट देण्याचा प्रयत्न याच राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगीला सूट! उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो हाणून पाडला. गरिबाचे पोर शेजारच्या बाकावर बसू नये म्हणून नियम बदलणाऱ्यांनी मुलांच्या मनःस्वास्थ्यावर व्याख्याने देऊ नयेत.

सर्वोच्च न्यायालयाचा समुपदेशकासाठीचा शंभर विद्यार्थ्यांचा निकष लावला तर जिल्हा परिषदेच्या असंख्य लहान शाळा बाहेर राहतात. न्यायालयाने त्यांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायला सांगितले आहे. पण दुर्गम तालुक्यात असा तज्ज्ञ आणायचा कुठून? म्हणून शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक द्या. आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली शाळा, प्रवासभत्त्यासह. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक सूचनाफलकाच्या कोपऱ्यात न डकवता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

शालेय शिक्षणमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात तीन गोष्टींचे उत्तर द्यावे. समुपदेशकांची किती पदे मंजूर केली, त्यांतली किती भरली आणि त्यासाठी पुरवणी मागण्यांत किती रुपये मागितले? आकडा शून्य असेल तर शून्य सांगावा. आणि जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा एकाही शाळेत तुकड्या गुणांवरून पडणार नाहीत, असा एका ओळीचा आदेश त्याच दिवशी काढावा. त्यासाठी समिती नेमू नये.