मॉडेल किटचं दुकान काढताय? आधी कप्पे ठरवा!



विमानं, रणगाडे, रेल्वे, गनप्ला अशा मॉडेल किटचं छोटं दुकान काढायचं तुमच्या मनात असेल, तर माल कुठून आणायचा याचा विचार तुम्ही नक्कीच केला असेल. पण तो माल कोणत्या हिशोबाने मांडायचा? इथे बहुतेक जण सोपा मार्ग धरतात. ज्या कंपनीचं बिल, त्या कंपनीचा कप्पा.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीप्रमाणे मांडणी ही दुकानदाराच्या सोयीची असते, गिऱ्हाइकाच्या नाही. नवीन माणूस दारात येऊन कंपनीचं नाव घेत नाही, तो विचारतो, "स्पिटफायर आहे का हो?" म्हणून प्रत्येक कप्पा लावताना एकच प्रश्न विचारा: यातलं काय कशाशी जुळलं पाहिजे?

रेल्वे घ्या. इथे स्केल सगळ्यात आधी. 'एन' गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा, 'एचओ'चा १६.५ मिलिमीटरचा. एकाची गाडी दुसऱ्यावर धावणारच नाही. 'ओओ'चा रूळही १६.५ मिलिमीटरचाच, त्यामुळे गाडी धावते. पण ओओ म्हणजे १/७६ आणि एचओ म्हणजे १/८७. त्यामुळे एचओच्या डब्याशेजारी ओओचं स्टेशन आणि माणसं मोठी दिसतात. हे दोन्ही एकाच कप्प्यात ठेवलंत तर गिऱ्हाईक घरी जाऊन वैतागणार आणि पुढच्या रविवारी बॉक्स परत आणणार.

रणगाडे आणि विमानांचं तसं नाही. तिथे आधी विषय, मग स्केल. रणगाड्यांचं प्रसिद्ध १/३५ स्केल तर हिशोबाने ठरलंच नव्हतं. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी बसावी एवढा आकार घेतला. नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ निघालं! हा आकडा नवख्याला काय सांगणार? विमानात मात्र एक गोष्ट बोर्डावर लिहा: स्पिटफायर १/७२ मध्ये पंखांपासून पंखांपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर होतं, १/३२ मध्ये ३५. घरात जागा किती, हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवेल.

गनप्ला, म्हणजे बंदाईची १९८० पासून येणारी गंडम रोबोंची किट, ग्रेडप्रमाणे लावा. एचजी आणि आरजी दोन्ही १/१४४ चीच, पण आरजी बरीच नाजूक आणि किचकट. स्केलप्रमाणे लावलंत तर नवखा मुलगा आरजी उचलेल आणि अर्ध्यात सोडून देईल. परत येईल का तो?

रंग शेडप्रमाणे नको, प्रकाराप्रमाणे ठेवा. अॅक्रिलिक, इनॅमल, लॅकर वेगळे आणि प्रत्येकाचा थिनर त्याच्याच शेजारी. चुकीचा थिनर गेला की रंग बिघडतो, आणि बोल तुम्हाला लागतो.

आता जुने शौकीन म्हणतील, "सगळं स्केलप्रमाणेच लावा." त्यांचा मान ठेवा, ते महागाचा माल घेतात. पण त्यांना हवं ते ते कुठूनही शोधून काढतात. नवखा माणूस विचारायला लाजतो आणि निघून जातो. म्हणून दाराजवळचा कप्पा 'पहिलं किट' असाच ठेवा. सोपं किट, निपर, गोंद, दोन-चार रंग एकत्र. दिवाळीच्या आधी तिथेच किल्ल्याचे मावळे मांडा. मावळे घ्यायला आलेल्या मुलाच्या हातात पुढचं किट तिथूनच जाऊ शकतं.

आणि सुरुवातीला पाचच्या वर कप्पे करू नका. अर्धे रिकामे दहा कप्पे पाहून गिऱ्हाइकाला वाटतं, दुकान चालत नाही. एखाद्या कप्प्यातला माल मावेनासा झाला, की मगच तो फोडा.

या आठवड्यात एक काम करा. किट कधीही न बनवलेल्या पाच जणांना तुमच्या मालाची यादी दाखवा आणि विचारा, "तू आधी काय शोधशील?" त्यांची उत्तरं लिहून काढा. सुताराला फळ्यांचं माप त्यानंतर द्या.