मद्यार्काचे माप कोणते?

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या मद्यार्काचे, म्हणजे इथेनॉलचे, आकडे अलीकडे वरचेवर वाचनात येतात. २०१३-१४ साली आपल्या देशात हे मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२२ साली ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले. साहजिकच अमेरिका व ब्राझील यांच्याशी आपली तुलना होऊ लागली आहे. ती अवश्य व्हावी; मात्र एकाच मापाने केलेली तुलना फसवी ठरते.

लिटरांनी मोजले तर अमेरिका सर्वांच्या पुढे आहे. पण तेथे पेट्रोलचा खपच इतका अफाट की, त्यात मद्यार्काचा अंश जेमतेम दहा टक्के भरतो. ब्राझीलमध्ये लिटर कमी, पण अंश मोठा. तेथे २०१५ पासून सत्तावीस आणि ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के मिश्रण आहे. निव्वळ मद्यार्कावर धावणाऱ्या मोटारी वेगळ्याच. शिवाय एक लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणातून जी शक्ती मिळते, तिच्यात मद्यार्काचा वाटा चौदा टक्क्यांच्या आसपासच असतो.

आता काळाचे माप लावून पाहू. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ साली उसाच्या मद्यार्काची सरकारी योजना काढली. पुढील दशकात तेथे विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ केवळ मद्यार्कावर चालत. मग खनिज तेल उतरले, साखर चढली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९० मध्ये पंपांवर मद्यार्काची टंचाई झाली. लोकांचा विश्वास उडाला. असल्या मोटारींची विक्री जवळजवळ थांबली. २००३ साली दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार आली, तेव्हा कोठे तो परतला. चढता आकडा चढतच राहील असे मानू नये, हा या इतिहासाचा धडा होय.

तिसरे माप शेताचे. आणि तेच आपल्या जिव्हाळ्याचे. आपल्याकडे आरंभी मद्यार्क प्रामुख्याने उसाच्या मळीतून येत असे. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या चिंतेने उसाच्या रसावर निर्बंध आले, आणि त्या हंगामात मका हा मुख्य कच्चा माल ठरला. एरवी मका निर्यात करणाऱ्या या देशात २०२४ साली निर्यातीहून आयात अधिक झाली. कोंबड्यांच्या खाद्याचा आणि मोटारींच्या इंधनाचा मका एकाच बाजारात येऊन उभा राहिला.

आपल्या माळव्याची गेली पन्नास वर्षे सोयाबीनवर उभी आहेत. मक्याला गिऱ्हाईक वाढले, तसा पिकाच्या निवडीचा प्रश्न येथेही उभा राहिला. दुसरीकडे, धान्यातून मद्यार्क काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो व सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटते, अशी इंदूरच्या सोयाबीन व्यवसायाची तक्रार आहे. मका पेरणाऱ्याला लाभ, सोयाबीन पेरणाऱ्याला तोटा. आणि पुष्कळदा ही दोन शेते एकाच बांधाला लागून असतात.

तेलाच्या आयातीवरील परकी चलन वाचते, हा लाभ खराच आहे. पण वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याची भाषा होते, तेव्हा किती लिटर एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणत्या पिकातून, किती पाण्यावर आणि कोणाच्या जमिनीतून येणार, हेही विचारले पाहिजे.