मामाचं फर्मान आणि निजामाची गश्ती

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा लागतो, तसा पुसेगावातही लागतो. भाषणं होतात. त्यात रझाकार येतात, सरदार पटेल येतात, १९४८ ची पोलीस ॲक्शन येते. १९३८ हे साल मात्र क्वचित कुणाच्या तोंडी येतं. खरं तर मुक्तिसंग्रामातलं हे साल कॉलेजच्या पोरांचं, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांचं आहे.

तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. पुढे शिकायचं तर औरंगाबाद नाहीतर थेट हैदराबाद गाठायला लागायचं. संस्थानाचं विद्यापीठ एकच, उस्मानिया. त्याच्या वसतिगृहांतली काही मुलं प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायची. १९३८ च्या अखेरीस त्यावर बंदी आली. मुलांनी म्हणणं सोडलं नाही. मग संप झाला, आणि कॉलेजांनी मुलांची नावं कमी केली. शेतात राबून पोराला शिकायला धाडलेल्या घरात ही बातमी पोचली तेव्हा काय झालं असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा बरा येईल. नागपूर विद्यापीठाने यातल्या अनेकांना प्रवेश दिला. त्यात पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता. तो १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. (नागपूर तेव्हा इंग्रजांच्या मुलखात होतं. म्हणजे वंदे मातरम् म्हणणाऱ्यांना आसरा मिळाला तो इंग्रजांच्या राज्यात. इतिहास कधी कधी अशी गंमत करतो.)

निजामाच्या राज्यात सरकारी हुकमाला ‘गश्ती’ म्हणत. त्यातली ५३ नंबरची गश्ती जुन्या माणसांना पाठ होती. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, असं ती सांगायची. गश्ती काढायला विधिमंडळ लागत नाही, चर्चा लागत नाही. वरून कागद निघाला की खाली पाळायचा.

अशाच एका हुकमावर सोफोक्लीज या ग्रीक नाटककाराने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी नाटक लिहिलं, ‘अँटिगनी’. गोष्ट घरातलीच आहे. थीब्ज शहराच्या गादीवरून दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. गादीवर आला त्यांचा मामा, क्रेऑन. त्याने फर्मान काढलं की शहराच्या बाजूने लढलेल्या भाच्याला मानाने मूठमाती द्यायची आणि परकी फौज घेऊन शहरावर चालून आलेल्या भाच्याचं प्रेत उघड्यावर टाकायचं. कुत्र्यांनी खाल्लं तरी चालेल. हात लावील त्याला मरण.

त्या दोघांची बहीण अँटिगनी. ती जाऊन भावाच्या प्रेतावर माती टाकते. पकडली जाते. मामासमोर उभी राहून म्हणते की हो, मीच टाकली. तुझा हुकूम माणसाचा आहे. मेलेल्याला माती द्यायची हा त्याहून जुना कायदा आहे, तो कुठे लिहिलेला नसला तरी.

आपण हे वाचतो आणि लगेच अँटिगनीच्या बाजूला जाऊन उभे राहतो. क्रेऑन आपल्याला सिनेमातला व्हिलन वाटतो. पण तो तसा नाही. काल युद्ध संपलंय, शहर अजून थरथरतंय, आणि नवा राजा म्हणतो की घराचं रक्षण करणारा आणि घर जाळायला आलेला, या दोघांना मी एकाच तराजूत तोलणार नाही. यात चूक काय, सांगा बरं? आज टीव्हीवर कुणी हे बोललं तर अर्धा देश टाळ्या वाजवील.

त्याची चूक पुढे आहे. त्याचा मुलगा हीमॉन, ज्याच्याशी अँटिगनीचं लग्न ठरलंय, तो बापाकडे येतो. आधी तो प्रेमाचं बोलतच नाही. तो म्हणतो, बाबा, गावात लोक अंधारात कुजबुजतायत की त्या पोरीने चांगलंच केलं. तुमच्या तोंडावर कुणी म्हणणार नाही. पुरात वाकणारं झाड टिकतं, ताठ राहणारं मुळासकट जातं. तुकोबांची गाथा घराघरांत असलेल्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. क्रेऑन चिडतो. या वयात मी पोराकडून अक्कल शिकू? मग तो विचारतो की राज्य माझं नाही तर कुणाचं? क्रेऑन बुडतो तो या प्रश्नापाशी. हुकूम काढला म्हणून नाही, हुकूम म्हणजेच राज्य आणि राज्य म्हणजे मीच, असं त्याला वाटायला लागलं म्हणून. शेवटी त्याचं मन बदलतं, पण तोवर अँटिगनीने गुहेत गळफास घेतलेला असतो. हीमॉन तिथेच स्वतःला संपवतो. ते ऐकून क्रेऑनची बायकोही.

क्रेऑन सभ्य आणि वाचणारा असेल तर? आपल्याकडे तेही घडलंय. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, कऱ्हाडचं मराठी साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातले मंत्री आणि पुस्तकांवर जीव असलेला माणूस. अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी त्याच मांडवात जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. जयप्रकाशजी त्या वर्षी सरकारचे कैदी होते. तिथे कुणी कुणाला अडवलं नाही. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

इथपर्यंत सगळं सोपं आहे, कारण १९३८ ची मुलं आपली आणि दुर्गाबाईही आपल्या. अडचण अशी की सोफोक्लीजने अँटिगनीला सोपा भाऊ दिला नाही. तिने माती दिली ती शहरावर चाल करून आलेल्याला. आजच्या भाषेत देशद्रोह्याला. हा भाग आपण घाईने वाचून पुढे जातो.

म्हणून १९८५ ची एक गोष्ट. केरळात तीन भावंडं एका शाळेत शिकत होती. यहोवाज विटनेसेस या छोट्या ख्रिस्ती पंथातली. राष्ट्रगीत सुरू झालं की ती सगळ्यांसोबत आदराने उभी राहायची, पण म्हणायची नाहीत. आपल्या देवाखेरीज दुसऱ्या कुणाचं स्तवन त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली, आणि जुलैमध्ये तिघांनाही शाळेतून काढलं. हायकोर्टातही ती हरली.

मला राष्ट्रगीत म्हणताना आजही अंगावर काटा येतो. तुमच्यापैकी बहुतेकांनाही येत असेल. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना ‘एवढं काय बिघडतं म्हणायला?’ हेच तोंडी येतं. मग आठवतं की उस्मानियाच्या मुलांनाही त्या वेळी कुणीतरी हेच विचारलं असणार, फक्त उलट्या बाजूने. एवढं काय बिघडतं न म्हणायला? एका ठिकाणी गाणं म्हटलं म्हणून नाव कमी केलं, दुसऱ्या ठिकाणी म्हटलं नाही म्हणून. पहिली मुलं मला आवडतात, दुसऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण माझ्या आवडीवर त्यांचा शाळेचा दाखला अवलंबून असेल तर मीही क्रेऑनच्या खुर्चीत बसलोच की.

सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला आणि मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. निकाल न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिला. आदराने उभं राहणारा मुलगा राष्ट्रगीताचा अपमान करत नाही, असं कोर्टाने म्हटलं. राष्ट्रगीत म्हणायलाच हवं असा कुठला कायदा आहे, हेही पाहिलं. कायदा नव्हता. शिक्षण खात्याची परिपत्रकं होती. म्हणजे पुन्हा गश्तीच. आणि समोर होतं संविधानाचं कलम २५, ज्यात धर्माच्याही आधी शब्द येतो तो सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा. अँटिगनीचा न लिहिलेला कायदा आपल्याकडे असा लिहून ठेवलेला आहे. तिच्याकडे कोर्ट नव्हतं, फक्त मामा होता.

हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. त्याच १९३८ साली सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले ते. युवक महोत्सवात दरवर्षी तेच ते विषय घेऊन एकांकिका होतात, अशी कुरकूर तुम्हीच करता. ‘अँटिगनी’ करून बघा. सेट लागत नाही, माणसं थोडी लागतात. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी त्यात क्रेऑन केला होता. त्यामुळे अँटिगनीसाठी फार भांडू नका. ग्रुपमध्ये सगळ्यात ठाम मतं ज्याची किंवा जिची असतील, त्यांना क्रेऑन द्या आणि तालमीत हीमॉनचा प्रवेश आधी बसवा.