मुके बिऱ्हाडकरू

रत्नागिरीच्या एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. यजमानांची बदली होऊन हे कुटुंब गतवर्षी तेथे गेले. बरोबर सासूबाई, दोन मुले आणि नऊ वर्षांचा गावठी कुत्रा. माळनाक्याजवळ मनाजोगे घर मिळाले, अकरा महिन्यांचा करार नोंदविला गेला; कुत्र्याविषयी कोणीच अक्षर काढिले नाही. आता मुदत संपत येताच मालक म्हणतात, कुत्रा घालवा, नाहीतर घर सोडा. कायदा आपल्या बाजूस नाही काय, असे बाई विचारतात.

उत्तर कडू आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पाळीव जनावरांविषयी मूक आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांचा हवाला पुष्कळजण देतात. परंतु त्यांचा रोख कुत्र्यांवर सरसकट बंदी घालणाऱ्या गृहसंस्थांवर आहे. आपले घर कोणास द्यावे, हा मालकाचा अधिकार त्यांनी हिरावलेला नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जो घर सोडीत नाही, त्यास कलम २४ अन्वये दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदलेला नसता तर कलम ५५ प्रमाणे अटींविषयी बिऱ्हाडकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरिले गेले असते. येथे तीही वाट नाही.

मालकांचीही बाजू ऐकावी. रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने ओले जनावर पडवीत, चिखलाची पावले ओटीवर, दारांवर नखांचे ओरखडे, आणि विहीर सामाईक! घर पाहावयास जाताना कुत्र्यास मागे ठेविले होते, असे बाईंनीच प्रांजळपणे लिहिले आहे. हा चतुरपणा आम्हांस रुचला नाही. तसेच पाऊस आहे म्हणून कुत्रा नित्य साखळीस बांधून त्यास मुळीच न हिंडविणे, हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अपराधच आहे.

पण पत्रातील एका ओळीने आम्ही दचकलो. यजमान म्हणतात, एखाद्या पहाटे त्यास भाट्याच्या किनाऱ्यावर सोडून यावे. नऊ वर्षे हातचा दूधभात खाल्लेला जीव! उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. मूळ कायद्याने पहिल्या वेळी दंड पन्नास रुपयांपर्यंतच ठेविला, यावरून आमच्या विधिमंडळींच्या लेखी त्या जीवाची किंमत वाचकांनी ताडावी. धाकटी मुलगी रात्री उठून कुत्रा जागेवर आहे ना, हे पाहून येते म्हणे. यजमानांनी ती ओळ पुन्हा वाचावी.

मालकांस भांडण नको, लेखी हमी हवी असेल. एकच कुत्रा राहील. रेबीजची लस दरवर्षी टोचून दाखला दाखवू. विहिरीपाशी त्यास नेणार नाही. नुकसान अनामत रकमेतून कापावे, अशी कलमे नव्या करारात आपण होऊन घालून न्यावीत, आणि आरंभी तीन महिन्यांचीच परवानगी मागावी. पहिल्या खेपेची लपवाछपवीही कबूल करावी. या वेळी कुत्र्यासही बरोबर न्यावे. मात्र जरा उघाड पाहून.