बदनामीचा दावा: वानखेडे–मलिक वादातून आपण काय शिकायचं?

'तुझ्यावर बदनामीची केस टाकतो' ही धमकी आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. मशीद कमिटीच्या हिशोबावरून वाद झाला, रिश्ता मोडला, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की हे वाक्य ऐकू येतंच. धमकी देणाऱ्याला कायदा माहीत नसतो आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून एक घाबरून खरी तक्रारही करत नाही, तर दुसरा बिनधास्त कुणाच्याही इज्जतीवर चिखल उडवतो.

हा कायदा समजून घ्यायला एक मोठं उदाहरण आहे, आणि त्याचं मूळ आपल्याच वाशिम जिल्ह्यात आहे. एनसीबीचे मुंबईतले तेव्हाचे विभागीय संचालक समीर वानखेडे यांचं मूळ गाव रिसोड तालुक्यातलं वरुड तोफा. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रूझ प्रकरणात आर्यन खानला अटक झाली. त्यानंतर तेव्हाचे अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी वानखेडेंवर आरोपांची मालिकाच सुरू केली. वानखेडे जन्माने मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जातीच्या खोट्या दाखल्यावर त्यांनी नोकरी मिळवली, हा त्यातला मुख्य आरोप. वानखेडेंच्या वडिलांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सव्वा कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला आणि मलिक यांना बोलण्यापासून रोखा, अशी मागणी केली.

कोर्टाने काय म्हटलं?

२२ नोव्हेंबरला न्यायमूर्ती माधव जामदार यांनी सरसकट बंदी घालायला नकार दिला. मलिक यांचे ट्वीट प्रथमदर्शनी आकसातून आलेले दिसतात, असं त्यांनी नोंदवलं. पण सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजाची चिकित्सा करण्याचा जनतेला हक्क आहे, हेही सांगितलं. अट एकच घातली: आरोप करण्याआधी वाजवी तपासणी करा.

वानखेडे अपिलात गेले. तिथे मलिक यांच्या बाजूने काही दिवस या कुटुंबाबद्दल न बोलण्याची हमी देण्यात आली. २९ नोव्हेंबरला दोन्ही बाजूंच्या संमतीने आधीचा आदेश बाजूला ठेवून अर्ज नव्याने ऐकायचं ठरलं. मधल्या काळात हमी मोडली गेली, तेव्हा कोर्टाने जाब विचारला आणि १० डिसेंबरला मलिक यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये जात पडताळणी समितीने वानखेडे जन्माने मुस्लिम नसल्याचं सांगत त्यांचा दाखला वैध ठरवला.

या वादात आपल्यापैकी अनेकांच्या मनाला एक गोष्ट लागली होती. 'मुसलमान म्हणणं म्हणजे बदनामी झाली का?' हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. उत्तर नीट समजून घेतलं पाहिजे. एखाद्याला मुसलमान म्हणणं ही बदनामी नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. त्यामुळे असा दाखला असलेल्या माणसाला मुसलमान म्हटलं की त्याचा अर्थ 'याने फसवणूक केली' असा होतो. डंख धर्माच्या नावात नव्हता, फसवणुकीच्या इल्जामात होता. हा १९५० चा आदेश बरोबर आहे का, ही वेगळी लढाई आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण ती बदनामीच्या कायद्यातून लढता येत नाही.

दिवाणी आणि फौजदारी

आपल्याकडे बदनामीला दोन दरवाजे आहेत. पहिला दिवाणी: भरपाई मागायची. यासाठी मुदत फक्त एक वर्षाची आहे आणि मागितलेल्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते.

दुसरा फौजदारी. पूर्वीची भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. मुदत तीन वर्षं. लिहिलेली बदनामी आणि तोंडी बदनामी असा फरक या कलमात नाही. बोललेलं, लिहिलेलं, खुणेने दाखवलेलं, चित्र काढलेलं, सगळं त्यात येतं. मात्र ते तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलेलं असावं लागतं.

'पोलीस स्टेशनला जाऊन केस टाकतो' हे इथे चालत नाही. हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस फार तर एनसी नोंदवतील. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची. अल्पवयीन, आजारी किंवा रिवाजाने लोकांसमोर न येणाऱ्या महिलेच्या वतीने कोर्टाच्या परवानगीने दुसरं कुणी तक्रार करू शकतं. ही तरतूद आपल्या घरांत फार कमी जणांना माहीत आहे.

खरं असलं तरी?

'मी खोटं थोडंच बोललो?' हा आपला नेहमीचा बचाव. दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की सहसा तेवढं पुरतं. फौजदारीत मात्र खरेपणासोबत ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं.

आपल्या दीनमध्ये गीबत आणि बोहतान असा फरक लहानपणीच शिकवतात. जे माणसात नाही ते त्याच्या माथी मारणं म्हणजे बोहतान. जे आहे, पण पाठीमागे त्याला दुखवेल असं सांगणं, म्हणजे गीबत. बोहतान मोठा गुन्हा, पण गीबतही माफ नाही. आमच्या मते फौजदारी कायद्याची ही अट आपल्या लोकांना यावरून पटकन कळते: बात खरी आहे एवढं पुरेसं नाही, ती सांगायची गरज होती का, हेही बघितलं जातं.

आणि जिथे खरोखर गरज असते, तिथे कायदा संरक्षणही देतो. या कलमाला दहा अपवाद आहेत. रिश्त्यासाठी चौकशी करणाऱ्याला मुलाच्या व्यसनाबद्दल नेकनीयतीने, जपून सावध केलं, तर तो गुन्हा नाही. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या हिशोबात गडबड दिसली आणि वक्फ बोर्डाकडे सद्भावनेने तक्रार केली, तर त्यालाही संरक्षण आहे. शाळेतल्या गैरप्रकाराची शिक्षणाधिकाऱ्यांकडे केलेली तक्रारही त्यातच बसते. पण तोच मजकूर 'चोर मुतवल्ली' म्हणून चारशे जणांच्या ग्रुपवर टाकला की हे संरक्षण उरत नाही. बात तीच असते, फक्त जागा बदलते.

पूर्ण समाजाची बदनामी झाली तर?

हा आपल्यासाठी सर्वात कडू मुद्दा. व्यक्तीची, कंपनीची, ओळखता येईल अशा गटाची बदनामी होऊ शकते. पण 'मुसलमान असे असतात' या वाक्यावर कुणी एक मुसलमान बदनामीची तक्रार टिकवू शकत नाही. गट निश्चित आणि ओळखता येण्यासारखा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तामिळनाडूतल्या एका परिषदेच्या बातमीवरून झालेल्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

२०२० आठवा. कोरोना पसरवल्याचा इल्जाम तबलीगी जमातीवर आला आणि भाजीवाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो भोगला. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवल्याची शक्यता बोलून दाखवली आणि माध्यमांतल्या अपप्रचारावरही ताशेरे ओढले. पण गल्लीत ज्याचा धंदा बसला, त्याला बदनामीच्या कायद्याने काही मिळालं नाही. अशा वेळी उपयोगी कलमं दुसरी आहेत: समाजांत तेढ पसरवण्याविरुद्धचं न्याय संहितेचं कलम १९६ आणि जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं कलम २९९. तक्रार लिहिताना 'बदनामी' नाही, ही कलमं लिहायची.

व्हॉट्सॲप आणि आपण

२०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ग्रुप ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो. ॲडमिनला दिलासा मिळाला, पाठवणाऱ्याला नाही. 'जसं आलं तसं पुढे पाठवलं' हा बचाव नाही. दुसऱ्याचा इल्जाम पुढे पाठवणं हेसुद्धा तो प्रसिद्ध करणंच आहे.

बदनामी झालीच तर आधी पुरावा जपा. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ टिपा, मूळ मेसेज असलेला फोन फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ग्रुपवर उलट शिवीगाळ करू नका, तुमचीच बाजू कमजोर होते. नोटीस आली तर स्वतः उत्तर लिहू नका, वकील गाठा. पैशाची अडचण असेल तर वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. समोरचा मनापासून माफी मागत असेल तर तडजोडीची वाटही कायद्यात खुली आहे. वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा बऱ्याचदा तीच शहाणपणाची असते.

वानखेडे–मलिक वादात एकीकडे मंत्री, दुसरीकडे बडे अधिकारी. दोघांकडे मोठे वकील होते. आपल्या मोहल्ल्यातल्या शिलाई करणाऱ्या बहिणीवर कुणी तोहमत लावली तर तिच्याकडे यातलं काहीच नसतं. कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिच्या मुलीचा रिश्ता मोडलेला असतो. म्हणून तिच्या इज्जतीची पहिली राखण कोर्टाच्या नाही, तुमच्या-आमच्या हातात आहे. सूरह हुजुरातमधली तहकीकची ताकीद आणि न्यायमूर्ती जामदारांची वाजवी तपासणीची अट, दोन्ही एकच काम सांगतात: आधी तपासा, मग बोला. मेसेज पुढे पाठवण्याआधी तेवढा वेळ थांबणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.