एम्सचे पहिले संचालक अमरावतीचे

पेशंट हाताबाहेर चालला की आपल्याकडे आता 'एम्सला न्या' असं सांगतात. नागपूरला एम्स झाल्यापासून अमरावती-अकोल्याच्या घराघरांत हे नाव पोचलं. मूळची एम्स दिल्लीची, आणि तिचे पहिले संचालक अमरावतीत जन्मले होते: डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित. आपल्या शहराच्या थोरांच्या यादीत त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यांचा जन्म १९०२चा. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिला. इथे मेडिकल कॉलेज नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर गाव सोडावंच लागे. दीक्षितही बाहेर पडले आणि पुढे संशोधनासाठी थेट एडिंबराला पोचले.

ॲसिटिलकोलीन या रसायनाभोवती तेव्हा मोठी चर्चा चालू होती. नसेचा निरोप हृदयाला रसायनामार्फत पोचतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं. मेंदूतही तसंच घडतं का, यावर मात्र मतभेद होते. दीक्षितांनी मांजराच्या मेंदूतल्या पोकळीत ॲसिटिलकोलीनची अगदी सूक्ष्म मात्रा सोडली, आणि मांजर झोपेसारख्या अवस्थेत गेलं. १९३४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज झोपेच्या अभ्यासात या रसायनाला मोठं स्थान आहे. अल्झायमर झालेल्या आजोबांना आपण डोनेपेझिलची गोळी देतो, तीही मेंदूतलं हेच रसायन लवकर नष्ट होऊ देत नाही.

भारतात परतल्यावर ते शिकवत राहिले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५६ साली राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने एम्सचा कायदा झाला आणि संचालकपद दीक्षितांकडे आलं. तिथले नियम कडक होते. प्राध्यापकांनी खासगी प्रॅक्टिस करायची नाही, पूर्ण वेळ संस्थेला द्यायचा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकाच आवारात राहायचं. कल्पना अमृत कौर यांची, पण पहिली आठ वर्षं ती रोजच्या व्यवहारात चालवून दाखवली दीक्षितांनी. प्रयोगशाळेतल्या माणसाने एक मोठं कुटुंब उभं केलं, असंच मी या कामाकडे पाहतो. घरात मोठ्यांनी धाकट्यांसाठी वेळ राखून ठेवायचा असतो. तोच धर्म त्या संस्थेने पाळायचं ठरवलं.

आज वऱ्हाडातल्या मुलांना डॉक्टर होण्यासाठी गाव सोडावं लागत नाही. अमरावतीत १९८४पासून पीडीएमसी हे मेडिकल कॉलेज आहे, अकोल्यात २००२पासून शासकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४मध्ये अमरावतीलाही शासकीय महाविद्यालय मिळालं. या तिन्ही ठिकाणी औषधशास्त्राचा पहिला तास दीक्षितांच्या प्रयोगाने सुरू व्हावा, असं मला वाटतं. आपल्याच मातीतल्या माणसाने जगाला पडलेला प्रश्न हाती घेतला होता, हे त्या वयात कळलं तर मुलं पाठांतराच्या पलीकडे बघतील.

पण तेवढ्याने भागणार नाही; शिक्षकांनी पूर्ण वेळ देण्याची एम्सची रीतही इथे हवी. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या वॉर्डात संध्याकाळी एखाद्या विद्यार्थिनीला प्रश्न पडला, तर उत्तर शोधायला तिच्यासोबत बसणारे सर किंवा मॅडम तिथे हजर हवेत. दीक्षितांचं नाव इमारतीला द्यायचं की नाही, ते नंतर ठरवू. आधी हे करू या.