निवेदन : दारातून परत पाठवलेल्या मातांची नोंद गुणांकनात धरा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्राचे गुणांकन व रात्रीची प्रसूती सेवा (चौथे निवेदन)

महोदय,

आमच्या केंद्राला कायाकल्प या स्वच्छतेच्या गुणांकनात 70 टक्क्यांवर गुण मिळाले. स्वच्छता खरोखर सुधारली, त्याचे श्रेय सफाई करणाऱ्या ताईंना आहे. पण त्याच गुणांच्या जोरावर हे केंद्र तालुक्यात चांगले म्हणून दाखवले जाते, हे आम्हाला मान्य नाही.

रात्री कळा सुरू झालेली बाई आली की "ग्रामीण रुग्णालयात न्या" एवढेच सांगतात. गेल्या आषाढात अशाच एका मातेला टेबलावरही घेतले नाही. 102 क्रमांकाची रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. घरच्यांनी भाड्याची जीप केली, सासूने आणलेली बाळंतपणाची पिशवी घाईत व्हरांड्यातच राहिली आणि घाटाच्या अलीकडे जीपमध्येच प्रसूती झाली. सोबत आशाताई होत्या म्हणून आई-बाळ वाचले. बाळाला गुंडाळायला त्यांनी स्वतःची ओढणी दिली.

ही माता केंद्राच्या प्रसूती नोंदवहीत नाही, संदर्भ सेवेच्या वहीतही नाही. मग अहवालात गुंतागुंत शून्य येणारच. अवघड बाळंतपण दाराबाहेर ठेवणारे केंद्र वर चढते आणि रात्र जागून ते पार पाडणारे शेजारचे केंद्र खाली दिसते. हा तिथल्या परिचारिकांवरही अन्याय आहे.

पहिल्या निवेदनानंतर महिन्याभरात रात्रपाळीला परिचारिका देऊ, असे सांगितले होते. ती आली नाही. दुसऱ्यानंतर नवी नोंदवही आली. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आम्ही ती उघडून पाहिली, कोरी होती. तिसऱ्या निवेदनाची फक्त पोच मिळाली.

महाराष्ट्रात 2007 पासून लोकाधारित देखरेखीत गावांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी समोरासमोर उत्तरे दिली. आम्ही काही नवे मागत नाही.

दारात आलेल्या प्रत्येक मातेची वेळ, पुढे पाठवण्याचे कारण, सोबत कोण गेले आणि आई-बाळाचे पुढे काय झाले, हे नोंदवावे. पुढे काय झाले ते ग्रामीण रुग्णालयाला विचारून त्याच आठवड्यात लिहावे. तालुक्यातील केंद्रांची तुलना ही नोंद धरूनच करावी. रात्रपाळीची नेमणूक दिलेल्या शब्दाप्रमाणे व्हावी.

नववा महिना लागलेल्या मातांची यादी आशाताईंकडे आहे. त्यातील पहिल्या मातेची प्रसूतीची तारीख येत्या पंधरवड्यात आहे. त्याआधी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
ग्राम आरोग्य समितीचे सदस्य व ग्रामस्थ